दीड मीटरचा आडोसा

आमचे शेजारी नाना सज्जन आहेत, फक्त उंच आहेत. मी परसात बनियनवर दात घासायला उभा राहिलो की तारेच्या कुंपणावरून आवाज येतोच, "आज उशीर झाला वाटतं?" आमच्याकडे पाहुणे किती दिवस राहणार, हे दोरीवरच्या कपड्यांवरून त्यांना आमच्याआधी कळतं.

शेवटी बायको म्हणाली, भिंत घाला. मिस्त्री लगेच तयार. "सात फूट चढवतो साहेब, बघायचं काम नाही." पण मेहुणा मध्ये पडला. "दाजी, परवानगी घेतलीत का?"

बांधकाम विभागातल्या साहेबांनी विचारलं, "हद्द कुठे आहे?"

"कुंपण आहे तिथे."

"ते कुंपण झालं. हद्द कुठे आहे?"

म्हणून भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज. तेव्हा मोजणी साधी, तातडीची, अतितातडीची अशी मिळायची. घाई जितकी, फी तितकी. मी साधी घेतली. नाना काही पळून जात नव्हते. लगतधारकाला नोटीस जाते, तशी ती नानांना गेली आणि ते ती हातात घेऊनच आले. "मोजणी ठेवलीत? मग त्या दिवशीचा चहा आमच्याकडे." ज्यांच्यापासून लपायचं त्यांनीच मोजणीवाल्यांना खुर्च्या दिल्या, खुणाही दाखवल्या. हद्द कायम झाली आणि आमचा शेवगा नानांच्या हद्दीत गेला. "शेंगा तुमच्याच हो," नाना म्हणाले. आता याच्यावर रागवायचं कसं?

हद्द मिळाली, उंची अडली. साहेबांनी राष्ट्रीय इमारत संहिता सांगितली : समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून भिंत जास्तीत जास्त 1.5 मीटर उंच. 2.4 मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा, आरपार दिसेल असा. म्हणजे मी छातीपर्यंत खाजगी आणि वर सार्वजनिक. नानांचं सगळं लक्ष वरच्या भागावरच असतं.

त्यात आमचा प्लॉट कोपऱ्याचा. वळणावर गाड्या दिसाव्यात म्हणून चौकाच्या दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत भिंत फक्त 0.75 मीटर, वर हवं तर रेलिंग. अडीच फुटांत माझे गुडघे झाकतात. गुडघे पाहायला आजवर कुणी आलेलं नाही.

"या नियमातून कुणीच सुटत नाही का?" मी विचारलं.

"तुरुंग," साहेब म्हणाले. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अर्ज कुठे मिळतो तेवढंच विचारायचं राहिलंय.

एक आशा मात्र आहे. उंची रस्त्यापासून मोजतात, आणि आमच्या रस्त्यावर दर निवडणुकीआधी डांबराचा नवा थर चढतो. लोकशाही टिकली तर कधीतरी नाना दिसेनासे होतील.

मेहुण्याला एवढा धीर नव्हता. त्याने 1882 चा सुविधाधिकार कायदा काढला. त्यातल्या एका उदाहरणात गावाची रूढीच अशी आहे की शेजाऱ्याच्या खाजगीपणावर आक्रमण होईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "तशी रूढी तुमच्या गावात आहे, हे सिद्ध करावं लागेल." आमच्या गावची रूढी नेमकी उलटी! शेजारी दोन दिवस डोकावला नाही तर लोक विचारतात, भांडण झालं का?

शेवटी कडू मेंदी लावली. साहेबांनी सांगितलेल्या मापांत मेंदीचं नाव नव्हतं. दोन पावसाळ्यांत ती नानांच्या डोक्यावर गेली आणि मी बनियनवर मोकळेपणाने चूळ भरू लागलो.

मग एका सकाळी पलीकडून कात्रीचा आवाज आला. मेंदीत वीतभर चौकोन पडला, त्यातून आधी शेवग्याच्या शेंगांची जुडी आली आणि मागोमाग नानांचा चष्मा.

"वकिलांनी किती घेतले?"