व्हॉल्व्हमनला शिव्या देऊन झाल्या असतील तर जरा गटारात वाका

आज सकाळी आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी पाणी आलं आणि आलं तेही काळपट, वास मारणारं. कानबाईचा सण आठ दिवसांवर आलेला, घरोघरी धुणंपुसणं काढलेलं, नैवेद्याच्या रोटांच्या दळणाची गडबड. बायांचा संताप समजू शकतो. पण तो निघाला कोणावर? चावी घेऊन उभ्या असलेल्या व्हॉल्व्हमनवर. "हाई पानी शे का गटार शे?" इथून सुरुवात झाली ती त्याच्या सात पिढ्यांपर्यंत गेली. तो आपला एकच म्हणत होता, "मी काय करू माय?" कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग आणि "याला सस्पेंड करा". अहो, तो ठेकेदाराकडे रोजावर आहे. त्याला सस्पेंड करायला आधी नोकरीत तर घ्या!

त्या व्हॉल्व्हमनच्या हातात काय असतं तर एक लांब लोखंडी चावी. तिने तो रस्त्यातल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह उघडतो, ठरलेल्या वेळी बंद करतो आणि पुढच्या भागाकडे जातो. पाणी शुद्ध करणं त्याच्या हातात नाही, घाण करणंही नाही. घाण होतं ते त्याच्या व्हॉल्व्हपासून तुमच्या तोटीपर्यंतच्या वाटेवर. बहुतेक वेळा तर शेवटच्या पंधरा-वीस फुटांत.

आता म्हणाल, पावसाळा आहे, नदीला पूर आला की पाणी गढूळ यायचंच. हो, येतं. वर पूर्णेच्या नि तापीच्या पाणलोटात पाऊस झाला, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या तापीकाठच्या गावांना तो गाळ पोहोचतोच. गिरणाकाठीही तेच. पण ते गढूळपण मातकट असतं, आणि ते सगळ्या गावाला सारखं येतं. फिल्टर प्लांटवर तुरटीचा किंवा पीएसीचा (गाळ खाली बसवणाऱ्या रसायनाचा) डोस वाढवावा लागतो. रोज काचेच्या भांड्यांत वेगवेगळे डोस घालून, ढवळून, गाळ कशाने नीट बसतो ते बघावं लागतं. ते न करता उन्हाळ्यातलाच डोस चालू ठेवला की वाळूचे फिल्टर तुंबतात, बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला, वेळ मिळत नाही आणि गढूळ पाणी तसंच टाकीत चढतं. तिथे पालिकेला जरूर धरा. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, दुसरा पर्यायच नसेल तर 5 पर्यंत चालवून घ्यायचा, असं भारतीय मानक सांगतं.

आजचं पाणी मातकट नव्हतं. काळपट होतं, वास गटाराचा होता, आणि शेजारच्या गल्लीत पाणी स्वच्छ. टाकी तीच, लाइन तीच. मग प्लांटचा काय संबंध? एवढं साधं गणित ग्रुपवरच्या शंभर जणांत एकालाही सुचू नये?

गटारावरची फरशी उचला आणि वाका. दिसेल. मेन लाइन रस्त्याच्या एका कडेने गेलेली, तिच्यावर फेरूल (मेन लाइनला भोक पाडून बसवायची जोडणी) मारून प्रत्येक घराला अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप नेलेला. आणि तो पाइप गटाराच्या वरून नाही, खालूनही नाही, सरळ गटाराच्या पोटातून! सांडपाण्यात बुडालेला, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, केस, चिंध्या अडकलेल्या. गटार तुंबतं तेही या पाइपांमुळेच. मग सफाई कामगार येतो, गाळ ओढायला फावडं घालतो, ते पाइपवर बसतं. लोखंड बाहेरून आधीच खाल्लेलं असतं, तिथे टाचणीएवढं भोक पडतं. मग कुणीतरी सायकलची ट्यूब कापून गुंडाळतो, वर तार आवळतो. पुढची कित्येक वर्षं ते घर त्या ट्यूबच्या भरवशावर पाणी पितं.

पाणी चालू असताना भोकातून पाणी बाहेर पडतं, घाण आत जात नाही. खरा खेळ पाणी बंद झाल्यावर. व्हॉल्व्ह बंद झाला की लाइनमधलं उरलेलं पाणी उताराकडच्या घरांत निथळून जातं, पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते आणि त्या भोकातून गटार आत येतं. तीन दिवस ते आतच मुरतं. चौथ्या दिवशी पाणी सोडलं की पहिल्या लोटाबरोबर सगळं तुमच्या हंड्यात. चोवीस तास दाब असलेल्या लाइनला ही भानगड जवळपास होत नाही. खान्देशातल्या किती गावांत रोज तरी पाणी येतं? धरणाच्या आवर्तनावर बसलेल्या गावांचे तर मे महिन्यात हाल कुत्रं खात नाही. म्हणजे ज्या गावाला पाणी जितक्या उशिरा, त्याला गटार पिण्याचा धोका तितका जास्त.

आणि टिल्लू पंप! यावर बोललं की लोकांना राग येतो, येऊ दे. नळाला थेट मोटर लावली की ती लाइनमधलं पाणी खेचते, लाइनला दाब उरत नाही, आणि पाणी चालू असतानासुद्धा भोकातून गटार आत यायला लागतं. फाटक्या नळीने उसाचा रस ओढायला गेलं की नळीत हवा येते, तसंच हे. फक्त इथे हवेच्या जागी काय येतं ते सांगायला नको. आज व्हॉल्व्हमनच्या अंगावर सगळ्यात मोठ्याने जे ओरडत होते, त्यांच्या ओट्याखाली मोटर घुर्रघुर्र चालू होती. व्हिडिओत आवाज येतोय. कान देऊन ऐका.

बरं, मोटर लोक हौसेने लावत नाहीत हेही खरं. शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतच नाही, मग माणूस काय करणार.

पालिका टाकीत क्लोरीन घालते ना, मग जंतू कसे राहतात, असंही कुणीतरी विचारलंय. घालते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. दहा लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर 2 किलो क्लोरीन लागतो, म्हणजे सहा किलोच्या आसपास पावडर. पण आपल्याकडचं ऊन, पत्र्याची खोली, तोंड उघडी पोती. पावडर क्लोरीन गमावत जाते. ती 20 टक्क्यांवर आली तर तेवढ्याच कामाला दहा किलो हवी. कर्मचारी मात्र नेहमीच्या मापाने सहाच किलो टाकतो, रजिस्टरमध्ये सही होते, विषय संपला. शिवाय पावडर मिसळल्यावर निदान अर्धा तास तरी पाणी टाकीत थांबायला हवं. वरून पावडर आणि खालून व्हॉल्व्ह चालू, असं असेल तर ती पावडर पाण्यात गेली म्हणायची. आणि हे सगळं नीट केलं तरी लाइनमध्ये गटार शिरलं की उरलेला क्लोरीन ते एका दमात खाऊन टाकतं.

यातच गळती शोधायची युक्ती आहे. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची बाटली पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात असतेच. नळीत पाणी घ्या, थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. टाकीच्या बाजूने सुरुवात करून घराघराने पुढे जायचं. ज्या घरापर्यंत पिवळं येतं आणि ज्या घरापासून येत नाही, त्या दोघांच्या मध्ये गटारात हात घालायचा. सगळी गल्ली खणायची गरज नाही. तपासणी दोनदा करा, पाणी आल्या आल्या आणि मग पंधरा मिनिटांनी. फक्त पहिली काही मिनिटं घाण येऊन नंतर निवळत असेल तर बंद काळात शिरलेली घाण आहे. शेवटपर्यंत तशीच येत असेल तर कुठेतरी मोटर ओढतेय, किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यातच गटाराचं पाणी साचलंय आणि ग्लँडची दोरी (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गळती रोखणारी) गेलीय. तांबूस पाणी असेल तर तो बहुतेक लोखंडाचा गंज, त्याचा गटाराशी संबंध नाही. पाणी घाण येत असेल त्या दिवशी पहिल्या लोटाला हंडा लावू नका, आणि निवळलं तरी प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

आता ज्याचा खरा राग आहे ते लिहितो.

गेल्या वर्षी याच गल्लीत काँक्रीट रस्ता झाला. दोन्ही बाजूंनी नवं गटार झालं. नारळ फुटला, फलक लागला, त्यावर फोटो किती ते मोजत बसू नका. गटाराची भिंत ओतताना जुने गंजके पाइप जसेच्या तसे भिंतीत चिणून टाकले. एकाही पाइपला बाहेरून मोठ्या पाइपचं केसिंग नाही, एकही जोडणी वर उचलली नाही. रस्ता उघडा पडला होता, मजूर हजर होते, फेरूल डोळ्यांसमोर होते. तेव्हा निळे एमडीपीई (न गंजणारे प्लॅस्टिकचे) पाइप टाकून, गटाराच्या वरच्या अंगाने जोडण्या फिरवून दिल्या असत्या तर रस्त्याच्या खर्चापुढे तो खर्च चिल्लर होता. आता तेच करायचं तर नवंकोरं काँक्रीट फोडा, खोदाईचं शुल्क भरा, परवानगी काढा.

का नाही केलं? कारण रस्त्याचं अंदाजपत्रक बांधकाम विभाग करतो आणि नळ पाणीपुरवठा विभागाचे. दोन्ही टेबलं एकाच मजल्यावर, पण एका टेबलाच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या टेबलाची बाब येत नाही. त्यात नळजोडणीचा पाइप नळधारकाच्या खर्चाने पडतो, त्याची देखभालही त्याच्याच गळ्यात. म्हणजे ठेकेदार म्हणणार माझ्या निविदेत नाही, पालिका म्हणणार तो तुमचा पाइप, आणि आपण म्हणणार पाणी तुमचं! सगळे बरोबर, फक्त हंड्यात गटार.

पालिकेकडे पैसे नाहीत हे मला माहीत आहे. पाणीपट्टीच्या वसुलीत पंपांचं वीजबिल निघायची मारामार, आणि थकबाकीदारांत पहिला नंबर गावातल्या मोठ्यांचाच. पण रस्त्याला पैसे होते ना? केंद्राच्या अमृत योजनेतून नवी टाकी, नवी मेन लाइन येते तेव्हाही जुनी लाइन बंद करत नाहीत, दोन्ही चालू ठेवतात, आणि जुन्या लाइनीची घाण नव्यात उतरते. तिथे पैशाचा नाही, डोक्याचा प्रश्न आहे.

कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता, विचारायला माणूस नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, आता नगरसेवक आहेत. दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, तिची विषयपत्रिका सात दिवस आधी निघते. ती वाचा. "प्रभाग अमुकमध्ये रस्ता काँक्रीटीकरण व गटार बांधकाम" असा विषय दिसला की त्याच दिवशी नगरसेवकाला गाठा आणि एकच मागा, की अंदाजपत्रकात नळजोडण्या स्थलांतराची बाब धरल्याशिवाय मंजुरी देऊ नका. एकदा कार्यादेश निघाला की मग कुणी ऐकत नाही. काम चालू असताना गटाराची भिंत ओतण्याआधी जोडण्यांचे फोटो काढून मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या, आवक विभागाचा शिक्का मारलेली प्रत घ्या. तोंडी सांगितलेलं पालिकेत टिकत नाही, आणि ग्रुपवर टाकलेलं तर अजिबात नाही.

दुपारी तो व्हॉल्व्हमन पुन्हा आला होता, व्हिडिओ फिरत असतानाही. चौकातल्या खड्ड्यात गुडघाभर घाण पाण्यात उतरून व्हॉल्व्हची दोरी बदलत होता. हातात मोजे नाहीत, पायात गमबूट नाहीत. तेवढं तरी पालिकेने द्यावं की. ज्यांनी सकाळी आवाज चढवला होता त्यातल्याच एका काकूंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. जारचं.

तर गल्लीतल्यांनो, आता कामाचं. पुढच्या पाण्याला पाणीपुरवठा विभागाचा माणूस ओटीची बाटली घेऊन येईल असं कबूल करून घेतलंय. त्या दिवशी सगळ्यांनी मोटरी बंद ठेवायच्या, अगदी शेवटच्या घरानेसुद्धा, त्यांना हवं तर आपण हंड्याने पाणी देऊ. आणि आजच्या पाण्याचं खाली लिहा: घर कोणत्या बाजूला, पाणी किती वेळ घाण आलं, निवळलं की नाही. ज्यांच्या गटारातल्या पाइपला ट्यूब गुंडाळलेली आहे त्यांनी फरशी उचलून फोटो टाका. लाजू नका, निम्म्या गल्लीत तीच ट्यूब आहे.