इंदूर कंपन्यांमुळे नंबर वन? देवगुराडियाचा हिशेब वेगळं सांगतो

इंदुरात रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘इंदूर स्वच्छतेत नंबर वन झालं, कारण निगमाने (महापालिकेने) कामं स्वतःकडे न ठेवता कंपन्यांना दिली. पैसा वाचला, राजकारण दूर राहिलं, तक्रारी पटापट सुटल्या. आता पाणीही कंपनीला द्या. पार्षद (नगरसेवक) हवेत कशाला?’

‘कंपन्यांमुळे नंबर वन’

घडलं नेमकं उलट. कचरा उचलण्याचा ठेका आधी खासगी कंपनीकडे होता, तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर पेट्या ओसंडत होत्या. मग निगमाने घरोघरी कचरा गोळा करायचं काम स्वतःच्या हातात घेतलं. गाड्या निगमाच्या, माणसं निगमाची (बरीचशी मस्टरवरची, म्हणजे रोजंदारीची, हे दुखणं वेगळं), आणि गाडी आली नाही तर जाब झोनच्या दरोग्याला, म्हणजे सफाईच्या मुकादमाला. 2017 मध्ये देशात पहिला नंबर आला तो ही व्यवस्था बसल्यावर.

खासगी भागीदारी आहेच, नाकारत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला, शहराचा कचरा जिथे जातो त्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकतो. पैसा कंपनीने गुंतवला आणि निगमाला दरवर्षी रक्कम मिळते, असा करार. पण तो चालतो, कारण तिथे पोचणारा कचरा दारातच वेगळा झालेला असतो. ते काम निगमाच्या गाडीवरच्या माणसाचं आणि आपल्या घरातल्यांचं. जे काट्यावर मोजता येतं त्याचा ठेका खुशाल द्यावा.

‘पैसा वाचतो’

त्याच देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर (कचरा डेपोवर) वर्षानुवर्षांचा सुमारे 13 लाख टन कचरा साचला होता. ठेक्याने साफ करायचा तर खर्चाचा अंदाज 65 कोटींच्या घरात होता. निगमाने यंत्रं भाड्याने घेतली, आपली माणसं लावली आणि 2018 मध्ये काही महिन्यांत ते काम 10 कोटींच्या आसपास उरकलं. मेसेजमधल्या सगळ्या दाव्यांपैकी हाच मला सर्वात पोकळ वाटतो. ठेका दिला की ठेकेदाराचा नफा आला, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला निगमाची माणसं लागतातच. तो पगार कुणी धरतच नाही.

‘राजकारण दूर राहतं’

सिटी बसची कंपनी 2005 मध्ये निघाली, भागधारक निगम आणि विकास प्राधिकरण. टेम्पोंच्या शहरात तिने ठरलेले रूट आणि थांबे आणले, श्रेय द्यायलाच हवं. 2013 पासून तिच्या आयबस निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या बीआरटीएसवर, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेवर, धावू लागल्या. हा कॉरिडॉर हटवायचं जाहीर केलं नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांनी, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टाने वाट मोकळी केली. राजकारण हटलं म्हणता? ते वॉर्डातून उठून भोपाळला जाऊन बसलं. स्मार्ट सिटीच्या कंपनीतही निम्मा वाटा राज्याचा. तिच्या बोर्डाच्या टेबलाशी आपल्या वॉर्डाचा पार्षद बसत नाही.

‘तक्रारी पटापट सुटतात’

तक्रार नोंदवायच्या ज्या 311 ॲपचं कौतुक मेसेजमध्ये आहे, ते निगमाचंच.

‘पाणीही द्या’

इथे समोरच्याकडे एक खरा मुद्दा आहे. डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसं दगावली, आणि पाणीपुरवठा निगमाकडेच होता. याचा बचाव होऊ शकत नाही, करूही नये. पण लाइन कुणाची, तपासणी कुणाची, हे प्रश्न थेट महापौर, आयुक्त आणि मंत्र्यांना विचारता आले. मध्ये कंपनी, तिचा ठेकेदार आणि त्याचा पोटठेकेदार असते, तर पहिला आठवडा जबाबदारी कुणाची हे शोधण्यातच गेला असता.

शिवाय नर्मदेचं पाणी इंदूरला आलं ते कुणाच्या प्रेझेंटेशनमुळे नव्हे. 1970 मध्ये त्यासाठी अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं, सरकारला झुकावं लागलं, आणि 1978 मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी पोचलं. घरातल्या सत्तरीच्या माणसांना विचारा.

पुढे कधी पाण्याच्या ठेक्याचा प्रस्ताव आलाच, तर सहीआधी करार निगमाच्या परिषदेत, पार्षदांसमोर, मांडला जावा. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पैसे कशाच्या मोजमापावर मिळणार, पाण्याचे नमुने कोण घेणार, आणि नमुना नापास झाल्यावर दंड कुणाच्या खिशातून जाणार.