‘सारखा’ दिसला की उपमा? हा मेसेज पुढे पाठवणं थांबवा

‘अलंकार ओळखा दहा सेकंदांत! अर्थ कळला नाही तरी चालेल, फक्त शब्द शोधा.’ या मथळ्याचा मेसेज दहावीच्या आणि भरती परीक्षांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीने तो वहीत उतरवून पाठही केलाय, म्हणून हा खटाटोप. मेसेजातले नियम पाच. सम, समान, सारखा, जसा, वाणी, परी यांपैकी काही दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे, की दिसलं की उत्प्रेक्षा. ‘हून’ आलं की व्यतिरेक. यातलं काहीच नसेल तर रूपक. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास, ओळीच्या शेवटी आलं की यमक.

पहिल्या नियमापासूनच घोळ आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथाच्या दहाव्या उल्लासात (प्रकरणात) उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: ‘साधर्म्यमुपमा भेदे’. दोन गोष्टी मुळात वेगळ्या हव्यात आणि तरीही त्यांच्यात एखादा गुण समान हवा. साम्यवाचक शब्द (सारखा, सम वगैरे) हा उपमेच्या चार अंगांपैकी एक. उरलेली तीन म्हणजे उपमेय (ज्याचं वर्णन आहे ते), उपमान (ज्याच्याशी तुलना आहे ते) आणि साधारण धर्म (दोघांत समान असलेला गुण). मेसेज ही तिन्ही गुंडाळून ठेवतो. मग ‘बाळ सारखं रडतंय’ ही उपमा का? ‘ही दोन्ही पातेली सारखी आहेत’ यात तरी कुठे अलंकार आहे?

आता ‘आहे ताजमहाल एक जगती तो तोच त्याच्यापरी’ ही ओळ घ्या. ‘परी’ आहे, अर्थ ‘सारखा’ असाच आहे, आणि तरीही ही उपमा नाही. ताजमहालासारखा ताजमहालच, म्हणजे उपमेय आणि उपमान एकच. मम्मटाची भेदाची अट इथे मोडते, म्हणून हा अनन्वय. ‘झाले बहु, होतिल बहु, आहेतहि बहु, परंतु यासम हा’ इथेही तसंच. ‘सम’ पाहून उपमा लिहिली की गुण गेला. बहुपर्यायी प्रश्नात उपमा आणि अनन्वय हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेले असतात, ते याचसाठी.

दुसऱ्या टोकाची गंमत ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या चौदाव्या ओवीत आहे: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।’ मेसेजवाला विद्यार्थी ‘परि’ पाहणार आणि उपमा लिहून मोकळा होणार. इथे ‘परि’ म्हणजे ‘परंतु’. आधी अन्वय लावा, म्हणजे ओळ साध्या गद्यात मांडा: माझी मराठी भाषा पैज लावून अमृतालाही जिंकते. उपमेय मराठी बोल, उपमान अमृत, आणि उपमेय उपमानाच्या वरचढ. म्हणजे व्यतिरेक, आणि तोही ‘हून’ नसलेला. पहिला आणि तिसरा, दोन्ही नियम याच ओवीत आडवे झाले. उलट ‘पुण्याहून गाडी आली’ यात ‘हून’ आहे, पण व्यतिरेक औषधालाही नाही.

दुसऱ्या नियमात थोडं तथ्य आहे, तेवढं देऊन टाकतो. ‘जणू’ दिसला तर बहुतेक वेळा उत्प्रेक्षाच, म्हणजे उपमेय हे जणू उपमानच अशी कल्पना, निघते. पण ‘गमे’ आणि ‘की’ यांच्या भरवशावर राहू नका. ‘न हे नयन, पाकळ्या उमलल्या सरोजांतील । न हे वदन, चंद्रमा शरदिचा गमे केवळ’ या ओळींत ‘गमे’ स्पष्ट आहे, आणि हे अपन्हुतीचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. कारण ‘न हे नयन’, ‘न हे वदन’ म्हणून आधी उपमेयच नाकारलं आहे. म्हणून ‘गमे’कडे वळण्याआधी नकार शोधायचा. ‘की’चं तर विचारूच नका. ‘तो म्हणाला की’ मध्येही ‘की’ आहेच, आणि ‘हे मुख की चंद्र?’ असा निर्णय न होणारा संशय असेल तर तो ससंदेह.

शोधायचं असेल तर दोन वस्तूंमधलं नातं शोधा. एकाच जोडीवर ते नातं कसं बदलतं पाहा. मुख चंद्रासारखं सुंदर, ही उपमा. मुख म्हणजे जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. मुखचंद्र उजळला, म्हणजे दोन्ही एकच मानली, हे रूपक. हे मुख नव्हेच, चंद्र आहे, ही अपन्हुती. चंद्राहून सुंदर मुख, हा व्यतिरेक. मुखालाच चंद्र समजून चकोर झेपावला, हा भ्रांतिमान. या मुखासारखं हेच मुख, हा अनन्वय. वहीत पाठ करायचंच असेल तर हे करा. ओळ आली की आधी साध्या गद्यात लिहायची, मग वर्णन कशाचं आहे (उपमेय) आणि तुलना कशाशी आहे (उपमान) हे दोन शब्दांत मांडायचं, त्यानंतरच नाव द्यायचं. उत्तरपत्रिकेत उपमेय-उपमान लिहायला सांगितलं तर नुसता ‘सारखा’ शोधणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

‘काहीच नसेल तर रूपक’ हा चौथा नियम सगळ्यांत बेजबाबदार. ‘मृगनयना’त साम्यवाचक शब्द नाही, पण डोळे हरणाच्या डोळ्यांसारखे एवढंच म्हणायचं आहे, ही लुप्तोपमा, म्हणजे एखादं अंग गाळलेली उपमा. ‘लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा ।। ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार’ या तुकोबांच्या ओळींत यादीतला एकही शब्द नाही. मग हे रूपक? नाही, हा दृष्टांत: लहानपण का मागतोय, ते मुंगी आणि ऐरावत यांचे दाखले देऊन पटवलं आहे. दृष्टांत, अर्थान्तरन्यास (सामान्य विधानाला विशेष उदाहरणाचा किंवा उदाहरणाला सामान्य विधानाचा आधार), अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं वर्णन) यांना ठरलेला खुणेचा शब्दच नसतो. म्हणजे अर्थ न लावता ही चारही नावं त्या विद्यार्थ्याच्या उत्तरात कधी येणारच नाहीत.

पाचवा नियम कामचलाऊ आहे, फक्त दोन दुरुस्त्या करा. अनुप्रासात अक्षराच्या पुनरावृत्तीने नाद जाणवायला हवा. लांब वाक्यात चार ‘त’ आले म्हणून अनुप्रास होत नाही. आणि यमक चरणाच्या शेवटीच येतं असं नाही. मधे, ठरावीक जागीही येतं.