बुध्याची गादी आणि हस्कीचं अत्तर

मे महिन्यात आमच्या होमस्टेला पुण्याचं एक कुटुंब आलं. सोबत हस्की. सायबेरियातलं जनावर आणि तारकर्लीचा मे! गाडीतून आधी त्याचा पंखा उतरला, मग गादी, गॉगल, दोन स्कार्फ आणि शेवटी तो. धापांनी नुसता हलत होता. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, तोही नावापुरता. बाकी उकाडा जिभेवाटेच बाहेर टाकायचा.

संध्याकाळी त्याला आंघोळ घालून वर अत्तर फवारलं. आई खळ्यात वाळत घातलेली सोलं गोळा करत होती, ती बघतच राहिली. "माका कधी कोणी अत्तर लावूक नाय, आणि ह्या कुत्र्याक?" हस्कीच्या मालकीणताई हसल्या. म्हणाल्या, हे साधंच आहे हो, डॉल्चे अँड गबाना या फॅशन कंपनीने २०२४ मध्ये कुत्र्यांसाठी ‘फेफे’ काढलं, ते तेव्हा ९९ युरोंना होतं. म्हणजे तेव्हाचे नऊ हजारांच्या आसपास. तो आकडा मी आईला सांगितला नाही.

मग सगळे पुळणीवर गेलो. सकाळच्या रापणीच्या जाळ्यातले चार पेडवे मासे वाळूत राहून दिवसभराच्या उन्हात कुजले होते. हस्कीने ते हुंगले, खांदा टेकवला आणि मन लावून लोळला. आधी मान, मग पाठ, परत मान. ताईंचा चेहरा बघवत नव्हता. पण कुत्रा आल्यापासून पहिल्यांदाच खूश दिसला. आपल्या नाकाला जे सुगंधी वाटतं ते त्याच्या नाकाला सोसतं का, हे त्याला कोणी विचारलंय? अत्तर ताईंच्या नाकासाठी होतं. गॉगल फोटोसाठी होता.

पैसा त्यांचा, मी बोलणारा कोण. आणि बोलायला मी तरी कुठे शहाणा?

आमचा कुत्रा बुध्या (बुधवारी सापडला म्हणून बुध्या) याच्यासाठी मी गेल्या वर्षी ऑनलाइन गादी मागवली. बत्तीसशे रुपये. त्याने ती एकदा हुंगली आणि मागीलदारी नारळाच्या सोडणांच्या ढिगावर जाऊन झोपला. गादीवर आता मांजर असते. त्याच महिन्यात गोचीड मारायचं औषध मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून टाळलं होतं. श्रावणात बुध्याने पेज सोडली. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्ताचा थेंब. गोचीडताप. प्लेटलेट तळाला गेलेल्या. डॉक्टरांनी २८ दिवस डॉक्सीसायक्लिन दिली. लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आरोग्य केंद्रातून शेतकऱ्यांना वाटतात, तीच गोळी. सलाइन लावताना त्याचा पाय मी धरून बसलो होतो आणि डोळ्यांसमोर ती गादी येत होती.

म्हणून पाहुण्यांना हल्ली मी आगाऊपणे विचारतो, लसी झाल्या का? रेबीजची बहुतेकांची असते. लेप्टोची म्हटलं की एकमेकांकडे बघतात. अहो, इथे पावसात उंदीर मुततात तेच पाणी पाणंदीत साचतं आणि तुमचा कुत्रा तेच पितो! स्कार्फ दोन आहेत, वर्षाचा बूस्टर मात्र राहिलाय. काहींना माझं विचारणं आवडत नाही. एकाने तर रिव्ह्यूत लिहिलं, ‘मालक जरा जास्त बोलतो’. खरं आहे ते.

बुध्या बरा आहे. गळ्यात गोचिडांचा पट्टा आहे, अंगाला सुक्या बांगड्याचा वास येतो. आई मात्र अजून मधूनच विचारते, "त्या अत्तराची किंमत काय होती रे?"