बाकीच्या दोन तारा कुठायत?

जुना बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर वाजवणारा गिटारचा भाऊबंद, विकायला काढला की पहिला फोन हमखास एकाच शंकेचा येतो. "फोटोत चारच तारा दिसतायत. बाकीच्या दोन कुठायत?" तुटलेल्या नाहीत, या वाद्याला असतातच चार, असं सांगितलं की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग त्रैराशिक मांडतो. सहा तारांची गिटार आठ हजारांना मिळते, तर चार तारांची सव्वापाचला द्या ना सर! शाळेतलं गणित पुढं आयुष्यात कुठं उपयोगी पडतं, असं माझी मुलगी सारखी विचारत असते. आता तिला सांगता येईल.

याला समजावणार कसं? बेसच्या चार तारांचा सेट साध्या गिटारच्या सहा तारांच्या सेटपेक्षा कितीतरी महाग पडतो. तार जाड, तार लांब, पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून केलेली. वाद्याची मान लांब, वजन चार किलोच्या आसपास. म्हणजे तारांची संख्या सोडली तर सगळंच जास्त. पण गिऱ्हाइकाच्या लेखी बेस म्हणजे अर्धवट राहिलेली गिटार.

विकण्याचं कारण सांगीतिक नव्हतं. मुलगी दहावीत गेली. तिला अभ्यासाला टेबल हवं, टेबलाला कोपरा हवा आणि कोपऱ्यात माझे बेस उभे.

"वाजवतोस एक. बाकीचे नुसते उभे राहून काय करतात?" बायकोनं विचारलं.

"अगं, तो मधला जपानी आहे."

"मग त्याचा व्हिसा संपला म्हणून सांग."

जुन्या सामानाच्या ॲपवर फोटो टाकला आणि फोन हातात धरून बसलो. "लास्ट किती?" हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकानं बदल्यात बुलेटचा सायलेन्सर देऊ केला. आवाज दोन्हीचा सारखाच, हा त्याचा मुद्दा, आणि तो अगदीच खोटा नव्हता. एक जण लॅब्राडोरचं पिल्लू द्यायला तयार होता, पण त्यानं कोपऱ्याचा प्रश्न सुटला नसता. मग एक साहेब आले, ते सीमेवर तैनात होते म्हणे. बेस न पाहता, न घासाघीस करता, सांगितलेल्या किमतीला घ्यायला तयार! फक्त पैसे जमा व्हायला मी त्यांचा क्यूआर कोड स्कॅन करायचा होता. स्कॅन करून खात्यातून पैसे जातात, येत नाहीत, एवढं आता आमच्या भाजीवाल्या मावशीही सांगतात. आणि बेस सांगितलेल्या किमतीला घेणारा माणूस खरा असू शकतो, यावर तर माझा मुळातच विश्वास नाही.

त्यातल्या त्यात गंभीर गिऱ्हाईक म्हणतं, "वाजवून व्हिडिओ पाठवा." इथं खरी गोम आहे. बेसची सगळ्यात जाड, खर्जाची तार मोकळी छेडली की सूर निघतो सुमारे ४१ हर्ट्झचा. त्याची एक लहर आठ मीटरपेक्षा लांब असते, माझ्या हॉलमध्ये ती मावतसुद्धा नाही. आणि ती ऐकवायची कशातून, तर मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून. तो बिचारा मुळचा सूर गाळतो आणि वरवरची टकटक तेवढी पुढं पाठवतो. जीव ओतून वाजवलेल्या व्हिडिओला उत्तर आलं: "सर, तुम्ही म्यूट केलंय का?"

गिऱ्हाइकाला न पोचलेला तो सूर खालच्या मजल्यावर मात्र बिनचूक पोचतो. खालच्या काकांची तक्रार गाण्याबद्दल नाही, गाणं त्यांना ऐकूच येत नाही. त्यांची तक्रार डब्यांबद्दल आहे. "तुमचा तो एक सूर लागला की आमचा साबुदाण्याचा डबा बोलायला लागतो," असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलंय. मी घरी येऊन शोधून काढलं, तो सूर 'जी' (G) आहे. सतारीला मुख्य तारेबरोबर आपोआप घुमणाऱ्या तरफा असतात तसे माझ्या बेसला काकांच्या मांडणीवरचे डबे. पण 'जी' वाजवायचाच नाही, असं कसं चालेल? निम्मी गाणी अडून बसतील.

या सगळ्याच्या मुळाशी जो माणूस आहे, त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी बेसवाल्याला माणसाएवढा डबल बेस कवेत घेऊन गावोगाव हिंडावं लागायचं. १९५१ मध्ये फेंडरनं प्रिसिजन बेस बाजारात आणला, गळ्यात अडकवायचा, पडदे असलेला, ३४ इंची तारांचा. १९६० मध्ये जाझ बेस आला. त्यानंतर या वाद्यात मूलभूत म्हणावा असा बदल फारसा झाला नाही, आजही दुकानात बहुतेक त्याच दोघांची पोरंबाळं टांगलेली असतात. त्यामुळंच तर जुन्या बेसचा बाजार चालतो. वीस वर्षांपूर्वीचा मोबाइल मुलं खेळायलासुद्धा घेत नाहीत, वीस वर्षांपूर्वीचा बेस मात्र तार बदलली की कामाला लागतो.

आणि त्यामुळंच बेसवाल्यांच्या गप्पा कधी संपत नाहीत. आम्ही चौघं-पाच जण जमलो की पहिल्या चहाला नोकरी आणि गुडघे होतात. दुसऱ्या चहाला कुणीतरी उसासा टाकून 'गेलेला बेस' काढतो. प्रत्येकाकडे असा एक गेलेला असतोच. बहिणीच्या लग्नात विकलेला, फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी विकलेला, मित्राला वापरायला दिलेला तो मित्रासकट गेलेला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम आपल्याकडे विकलेल्या वाद्यालाही लागू आहे. विकला जाईपर्यंत जो खरखरत होता, तो विकल्यावर मखमली होतो.

आमचा एक मित्र गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याच्याकडे कलकत्त्याला बनलेला एक बेस होता. "तसं लाकूड आता मिळत नाही रे," तो म्हणतो. ते लाकूड मी जवळून पाहिलंय. वायर खोचायची जागा एकदा उखडली होती, तिथून प्लायवुडचे थर मोजता यायचे. जुलै लागला की दमट हवेनं त्याची मान धनुष्यासारखी वाकायची आणि वरच्या पडद्यांवर तार दाबायला अंगठ्याचा जोर कमी पडायचा. गणपतीपर्यंत मान सरळ व्हावी म्हणून हा ॲलन की घेऊन आतला लोखंडी रॉड रोज थोडा थोडा पिळायचा. आता विचारलं तर सांगतो, "काय सरळ मान होती!"

त्यात २०२४ साली ती पॉल मॅकार्टनीची बातमी आली. बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांत, १९६१ मध्ये, त्यानं हॅम्बुर्गला सुमारे तीस पौंडांना घेतलेला हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेला होता. तो पन्नासेक वर्षांनी कुणाच्या तरी माळ्यावर सापडला आणि मालकाला परत मिळाला. तेव्हापासून आमच्या मित्रानं आशा धरलीय. त्याचा चोरीला गेला नव्हता, यानं स्वतःच्या हातानं पावती लिहून विकला होता, ही आठवण करून द्यायला कुणी धजावत नाही.

विकणाऱ्याचा छळ मला कळतो, कारण गिऱ्हाईक म्हणून मी तो मनसोक्त केलेला आहे. जुना बेस पाहण्याचं एक शास्त्र आहे. जपानी बेस मी चिंचवडच्या एका घरून आणला. मुलगा शिकायला जर्मनीला चालला होता, शेजारी पलंगावर त्याची आजी. मी बेस उचलला, बूड खांद्याला लावलं, एक डोळा मिटला आणि मानेवरून पार टोकापर्यंत नजर लावली. मान वाकडी असेल तर अशीच दिसते. आजीनं नातवाला विचारलं, "नेम कुणावर धरलाय रे यानं?"

मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून मध्ये किती फट राहते ते पाहिलं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. गोल बटणं फिरवून खरखर ऐकली. या जातीच्या बेसला सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, बहुधा एक अशी जागा असते जिथं सूर उमटतो आणि लगेच विझतो. आम्ही तिला डेड स्पॉट म्हणतो. विकणारा वाजवून दाखवताना तिथून भरधाव निघून जातो. मुलगा तिथं पोचला की मी म्हणायचो, "जरा थांब की इथं." त्याची आजी चपळाईनं चहा विचारायची. मला अजून वाटतं, तिला सगळं ठाऊक होतं.

शेवटी बॅटरी. काही बेसच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. तिच्यात जीव आहे का हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे तिची दोन्ही टोकं जिभेला लावणं. झिणझिण्या आल्या तर चालू. मी झाकण उघडून बॅटरी काढली आणि चाटली. आजी उठली, आत गेली आणि ताटलीभर पोहे घेऊन आली. "आधी खाऊन घे बाबा," म्हणाली.

तेव्हा विकायच्या आधी आपलंही घर आवरलेलं बरं. बेसच्या तारा घामानं आणि मळानं मुक्या होतात. नवा सेट घालायचा तर नफा तिथंच संपला. म्हणून बेसवाले तारा उकळतात. खरंच उकळतात. वेटोळं करून पातेल्यात टाकायच्या, आठ-दहा मिनिटं खळखळू द्यायच्या, पुसून कोरड्या करायच्या. पाण्याला चहाचा रंग येतो आणि तारा काही दिवस पुन्हा झणझणीत बोलतात. तेवढ्यात गिऱ्हाईक गाठायचं. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा थोर बेसवादक जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात, मळातच त्याला सूर सापडायचा. पण जेमरसनला काही मुलीच्या टेबलापायी बेस काढायचा नव्हता. माझ्या तारा उकळत असताना आईनं पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं आणि म्हणाली, "शेवया फार जाड आणल्यास. शिजल्या का?"

ओरखड्यांवर मात्र उपाय नाही. माझ्या जपानी बेसच्या कडेला एक लांब ओरखडा आहे, दादरला लोकलच्या दारात मिळालेला. प्रत्येक गिऱ्हाईक त्यावर बोट फिरवतं आणि दोन हजार कापतं. तिकडं अमेरिकेत फेंडरच्या कस्टम शॉपमध्ये नवेकोरे बेस मुद्दाम घासून, रंग खरवडून जुने करतात आणि ते कोऱ्यांपेक्षा चढ्या भावानं विकतात. कारागिरानं पाडलेल्या ओरखड्याला किंमत, दादरच्या गर्दीनं पाडलेल्याला कपात! त्या गर्दीत बेस डोक्यावर धरून चढून दाखवा म्हणावं कारागिराला.

शेवटी तळेगावहून एक कॉलेजचा मुलगा आला, वडिलांना घेऊन. मुलाला बेस म्हणजे काय ते ठाऊक होतं. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमी सुरू होत्या आणि त्यांचा बेसवाला आजारी पडला होता. तो बेस घेऊन बसला, तारांकडे पाहत हळूहळू वाजवू लागला, आणि बरं वाजवत होता. डेड स्पॉटवरून जाताना मी चपळाईनं चहा विचारला.

वडील खुर्चीच्या टोकावर बसून कान टवकारून ऐकत होते. "हा वाजतोय का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"वाजतोय ना."

"मला काही गाणं कळेना. म्हणजे हे नसलं तर काय बिघडतं?"

बेसवाल्याला आयुष्यभर पुरेल असा प्रश्न आहे हा. मी पंचमदांच्या गाण्यांचं उदाहरण दिलं. त्यातला बेस काढून टाकला तर गाणं कसं भुईवरून सुटेल ते सांगितलं. त्यांच्या ताफ्यात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव घेतलं. वडिलांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि माझा मुद्दा तोच होता, पण त्यामुळे तो पटायचाही राहिला. ते थेट किमतीवर आले. घासाघीस होत होत मी साडेअठराला थांबलो, ते अठराला. मधल्या पाचशेवर दोघंही अडून बसलो. मुलगा मान खाली घालून 'जी' वाजवत राहिला.

बेल वाजली. दारात खालचे काका, बनियनवर टॉवेल. "अहो, साबुदाणा—" एवढं म्हणून त्यांची नजर खोलीभर फिरली. परका मुलगा, त्याच्या मांडीवर बेस, शेजारी उघडी बॅग.

"विकताय की काय?"

"बघतोय काका. पाचशेवर अडलंय."

काका एक अक्षर न बोलता जिना उतरून गेले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "खाली ऐकू जातं म्हणजे?"

"डब्यांपर्यंत जातं."

"मग आवाज आहे म्हणायचा," ते मुलाला म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागं टेकले.

काका परत आले ते हातात पाचशेची नोट घेऊन. ती त्यांनी माझ्या टीपॉयवर चहाच्या कपाखाली दाबून ठेवली, मुलाला म्हणाले, "घेऊन जा बाळ, खूप मोठा हो," आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या ॲम्प्लिफायरकडे बोट दाखवून मला विचारलं, "याचं किती म्हणताय?"