सुभेदार काकांची चिठ्ठी

आज डोकं फिरलंय त्यामुळे जरा मोठं लिहिणार आहे.

आमचे सुभेदार काका गेले हे बऱ्याच जणांना कळलंच असेल. दफन परवा झालं. आज मी त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो मोठा करून फ्रेम करायला टाकला होता तो आणायला गेले, तर दुकानात एक गृहस्थ बसलेले, शिकलेले दिसत होते, त्यांनी फोटोकडे बघितलं, मग दुकानदार विचारत होता की हार वगैरे पाहिजे का तर मी म्हटलं नाही, आमच्या चर्चमध्ये प्रार्थनासभा आहे तिथं ठेवायचाय. तर ते गृहस्थ म्हणतात कसे, "अरे वा, तुमच्यातले पण असतात का मिलिटरीत?"

तुमच्यातले!!!

मी काहीच बोलले नाही. पैसे दिले, फ्रेम घेतली, बाहेर आले. आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात ती चिठ्ठी फिरतीये.

तर चिठ्ठीचं सांगते. काका जंगी पलटणचे, म्हणजे पहिली मराठा (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन). ७१ च्या युद्धात बांगलादेशात जमालपूरला होते. १० डिसेंबरच्या रात्री शत्रू वेढा फोडून बाहेर पडायला बघत होता आणि हे लोक रस्ता अडवून बसलेले, ११ ला जमालपूर पडलं आणि १६ ला ढाक्याला पाकिस्ताननं शरणागती दिली. हे सगळं पुस्तकात सापडेल. काका यातलं अक्षरसुद्धा बोलायचे नाहीत. विचारलं तर "थंडी लई होती" एवढंच.

पण दरवर्षी १० डिसेंबरच्या आधीच्या रविवारी काका उपासनेच्या अर्धा तास आधी यायचे (तसे ते दर रविवारीच यायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश), आणि पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, हातात एक चिठ्ठी द्यायचे. मिलिटरी कँटीनच्या बिलाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली चार नावं. नावापुढं गाव. एक साताऱ्याकडचा, एक बेळगावचा, दोघं कोकणातले. चौघंही हिंदू मराठा. चौघंही परत आले नाहीत.

मी तेव्हा संडे स्कूलला शिकवायचे आणि शेजारीच उभी होते म्हणून मला हे शब्दन् शब्द आठवतंय. पाळक नवीन होते. चिठ्ठी वाचून म्हणाले, "सुभेदार, हे आपल्या मंडळीतले दिसत नाहीत." काका म्हणाले, "माझ्या सेक्शनचे आहेत." पाळक बिचारे अडखळले, म्हणाले आपल्याकडे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, शिकवणीत बसत नाही. आता हे खरंच आहे, आम्हा प्रोटेस्टंटांत तसं करत नाहीत, पाळकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काका अटेन्शनमध्ये उभे राहिल्यासारखे उभे होते. म्हणाले, "मग त्यांच्या घरच्यांसाठी करा साहेब. पण नावं ह्यांचीच घ्यायची."

आणि घेतली. दरवर्षी घेतली. नाताळाआधीचा आगमनकाळ असतो, कॅरोलची गडबड चालू असते, पोरं स्टार टांगत असतात, आणि मध्येच ती चार नावं गावांसकट मोठ्यानं वाचली जायची, आणि काका दुसऱ्या बाकावर मान खाली घालून. नवीन माणूस आला की विचारायचा कोण हे. आम्ही सांगायचो, सुभेदार काकांचे.

आता सांगा मला, त्या माणसाला मी काय उत्तर द्यायला पाहिजे होतं? अल्बर्ट एक्काचं नाव सांगायचं होतं का? त्याच युद्धात ३ डिसेंबरला तिकडच्या, बांगलादेशातल्या गंगासागरला पडला, परमवीरचक्र मिळालं, झारखंडचा आदिवासी आणि ख्रिस्ती. नाही सांगितलं, आणि बरं झालं नाही सांगितलं. का सांगायचं? ज्या माणसानं आयुष्यभर पलटणीत "बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणत धाव घेतली आणि रविवारी त्याच आवाजात भजन म्हटलं, त्याच्या फोटोशेजारी उभं राहून मी पुरावे द्यायचे? आमच्या नगरमध्ये?? इथं रणगाड्यांचं ट्रेनिंग सेंटर आहे, घराघरात फौजी आहे, आणि इथलं मिशन १८३१ पासूनचं आहे. दोनशे वर्षं होत आली आता. आणखी किती दिवस आम्ही "तुमच्यातले"?

बरं, त्या गृहस्थांच्या मनात वाईट नसेलही. आम्ही संख्येनं थोडे, कुणी भेटलेलं नसतं. मान्य. पण लागायचं ते लागतंच.

काका काही देवमाणूस नव्हते हेही सांगते. पोरं उपासनेत कुजबुजली की असं बघायचे की पोरं गार. स्वतःच्या मुलाशी कित्येक वर्षं धड बोलले नाहीत, त्याचं त्यांना शेवटी शेवटी फार वाईट वाटायचं. हयातीच्या दाखल्याला मी घेऊन जायचे त्यांना, बोटं इतकी झिजलेली की मशीन ठसा घ्यायचं नाही, पाच पाच वेळा बोट पुसून ठेवायचे, चिडायचे नाहीत. रिक्षात परत येताना एकदा आपण होऊन म्हणाले, "साताऱ्यावाल्याची आई माझ्या हातचं पत्र वाचून घ्यायची. तो गेल्यावरपण मी चार वर्षं लिहीत होतो तिला. मग उत्तर यायचं बंद झालं." एवढंच. पुढं चौक आला, उतरलो.

हे लिहिता लिहिता राग उतरला माझा. आता नुसतं रडू येतंय.

काल त्यांच्या सूनबाईनं मला त्यांचं बायबल दाखवलं. चिठ्ठी आत होती. यावर्षीची, लिहून ठेवलेली. अक्षर पार हललंय, बेळगाववाल्याचं गाव दोनदा खोडून परत लिहिलंय. म्हणजे विसरायला लागले होते आणि आठवून आठवून लिहिलंय.

नावं इथं टाकत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. पण रविवारी पाळकसाहेबांच्या हातात चिठ्ठी मी देणार आहे, आणि नावं कशी उच्चारायची ते आधी जाऊन सांगून येणार आहे. उपासना साडेआठला आहे. मंडळीतले असा नसा, ज्याला यायचंय त्यानं या. सव्वाआठला येऊन बसा, काका असते तर त्यांना उशीर चालला नसता.