खाटेवरून फेरोला

गेल्या वर्षी कंबरेची नस दबली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी रील्सनी डोकं उठलं, म्हणून मोबाइलमधलं नकाशाचं ॲप उघडलं. आजवर त्याला एकच प्रश्न विचारला होता, इथून तिथं जायला किती वेळ लागेल? आता जायचं कुठंच नव्हतं. पृथ्वी बोटानं गरगरा फिरवायची आणि थांबेल तिथं उतरायचं, असा खेळ सुरू केला.

एकदा उतरलो ते उझबेकिस्तानातल्या मोयनाकला. हे एकेकाळी अरल समुद्राचं मासेमारी बंदर. उपग्रहाच्या फोटोत आजही तिथली जहाजं दिसतात, पण वाळूत. समुद्र शंभराहून जास्त किलोमीटर मागं गेलाय. सोव्हिएत काळात कापसासाठी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं, त्याचा हा परिणाम. गूगल अर्थमध्ये १९८४ पासूनची चित्रं एकापाठोपाठ एक बघता येतात. वर्ष सरकतं, निळा रंग आक्रसतो. मी ते चारपाच वेळा पाहिलं. उजनीच्या पाण्यावर ऊस लावणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येकानं एकदा बघावं. भाषण नको, नुसतं बघावं.

मित्र म्हणाले, 'हे काय फिरणं? फिरावं तर पायानं.' मला हे पटत नाही. पायानं फिरणारे आम्ही महाबळेश्वरला जातो, पॉइंटवर फोटो काढतो, मक्याचं कणीस खातो आणि परत येतो. नकाशात सेल्फी काढता येत नाही, त्यामुळं बघण्यावाचून इलाज नसतो. (बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या मते हा उठून पाणी न घेण्याचा बहाणा होता.)

पण खरी गोष्ट फेरो बेटांची. उत्तर अटलांटिकमधली १८ बेटं, वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर आणि मेंढरं माणसांपेक्षा जास्त. २०१६ पर्यंत तिथले रस्ते गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे रस्त्यावर उभं राहून बघितल्यासारखे फोटो दाखवणाऱ्या सोयीत, नव्हते. तिथल्या पर्यटन मंडळातल्या ड्यूरिटा दाल आंद्रेयासेन या बाईंनी मेंढरांच्या पाठीवर सौरऊर्जेवरचे कॅमेरे बांधले, मेंढरं चरत फिरली आणि फोटो नकाशावर चढवले. जगभर बोभाटा झाला, मग त्याच वर्षी गूगलनं कॅमेरे पाठवले. मेंढरांच्या जिवावर नकाशात घुसलेला देश! आमच्या माणदेशात मेंढरांना काय तोटा?

हे वाचल्यावर पहिल्यांदा स्वतःचं गाव शोधलं. आमचं गाव सांगोला तालुक्यात. फेरोतल्या खेड्याची गल्ली मला पाठ झाली होती, आणि माझ्या गावाचं नाव एका ॲपात इंग्रजीतून परत मराठीत येताना असं वाकडं झालेलं, की मलाच दोनदा वाचावं लागलं. वस्त्यांचा पत्ता नाही. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नुसता तपकिरी रंग. म्हणूनच पार्सलवाला फोन करतो आणि आपण सांगत बसतो, 'टाकीपासून डावीकडं, मग लिंबाखाली कुणालाबी विचारा.' पार्सलचं चालतं. रात्री ॲम्ब्युलन्सवाल्याला लिंब कसा दिसणार?

अण्णांना, म्हणजे वडिलांना, खाटेशेजारी बसवून उपग्रहाचं चित्र दाखवलं. आधी त्यांना काहीच ओळखू येईना. 'आरं, हे वरनं बघाय आपुन काय घार हाय का?' मग विहिरीचा काळा ठिपका सापडला आणि बोट जे सुटलं ते थांबेना. ही लवणातली पट्टी, हा चिंचेचा मळा, ही पाणंद, हा म्हसोबाचा ओढा. तपकिरी रंगात पंधरावीस नावं निघाली. त्यातली निम्मी मला माहीत नव्हती, आणि मी त्याच मातीतला.

म्हणून आता माझं एकच म्हणणं आहे. परदेशातली गावं जरूर बघा, पण आपल्या शिवारातली नावं माहीत असलेली माणसं आहेत तोवर ती नकाशात भरा. बहुतेक ॲपांत सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर तर कुणीही खातं काढून पाणंदसुद्धा आखू शकतो. देवनागरीत लिहा, शुद्ध लिहा.

मी एका ॲपात म्हसोबाचा ओढा टाकला. 'तुमची सूचना तपासली जात आहे' असा निरोप आला, त्याला आता दीड महिना झाला. अण्णा रोज संध्याकाळी विचारतात, 'आला का रं वडा?' मी म्हणतो, अजून नाही. ते तंबाखू मळत म्हणतात, 'त्यो पावसाळ्यात बी कुठं वेळेवर येतोय.'